खेळाडू मुली आणि श्रोणितलाचे आरोग्य

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात प्रशासकाने जमाखर्चाचा गोषवारा मांडावा, वर्षभरातील रुग्णसेवेचा आढावा घ्यावा आणि देणगीदारांचे ऋण व्यक्त करून आपल्या जागी बसावे, असा प्रघात आहे. तो सर्व तपशील या अहवालात छापलेला असून आपण तो सवडीने वाचालच. आज मात्र अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने मी एका वेगळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. विषय खेळणाऱ्या मुलींच्या आरोग्याचा आहे. त्यातही शरीराच्या ज्या भागाविषयी आपल्या घरांत सहसा बोलले जात नाही, त्या भागाचा आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वैद्यकशास्त्राचा अधिकारी नव्हे. यातील वैद्यकीय माहिती मी आपल्या स्त्रीरोग आणि भौतिकोपचार विभागांतील सहकाऱ्यांकडून समजून घेतली आहे. हिशेबाची बाजू तेवढी माझी आहे.

गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातील मुलींनी मैदानाशी घट्ट नाते जोडले आहे. सातारा जिल्ह्यातील माण या अवर्षणप्रवण तालुक्यातून आलेल्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय महिला संघ विजेता ठरला आणि त्या संघाचे नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्याकडे होते. ही सर्वांना ठाऊक असलेली नावे झाली. ज्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत अशा मुलींची संख्या कितीतरी मोठी आहे. शाळेच्या पटांगणावर त्या कबड्डीचा सराव करतात, दोरीच्या मल्लखांबावर चढतात, पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटेच्या अंधारात गावाबाहेरच्या रस्त्यावर धावतात. त्यांच्यासाठी खेळ म्हणजे केवळ हौस नाही. कित्येकींच्या बाबतीत तो शिक्षणाचा, नोकरीचा आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा मार्ग आहे.

या मुलींच्या गुडघ्यांची, घोट्यांची आणि रक्तातील लोहाची चौकशी आता थोडीफार होऊ लागली आहे. श्रोणितलाची चौकशी मात्र कोणी करीत नाही. हा शब्दच अनेकांच्या परिचयाचा नसेल, म्हणून आधी त्याचा अर्थ सांगतो. आपल्या ओटीपोटाच्या हाडांचा आकार तळ नसलेल्या भांड्यासारखा असतो. या भांड्याला तळ असतो तो स्नायूंचा. समोरच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत हे स्नायू झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देणे हे त्यांचे पहिले काम. लघवी, शौच आणि वायू यांवर ताबा ठेवणे हे दुसरे. शिवाय श्वासपटल, पोटाचे खोल स्नायू आणि पाठीच्या कण्यालगतचे लहान स्नायू यांच्या साहाय्याने ते धडाला स्थैर्य देतात. आपण श्वास आत घेतो तेव्हा हा तळ किंचित खाली सरकतो आणि श्वास सोडताना वर येतो. खोकला अथवा शिंक येण्याच्या क्षणभर आधी निरोगी श्रोणितल आपोआप आवळला जातो. हे सर्व नकळत घडते, म्हणूनच त्याची आठवण कोणाला होत नाही.

आता मैदानावर काय घडते ते पाहू. चढाईला गेलेली मुलगी चार जणींच्या पकडीतून सुटण्यासाठी सर्व शक्ती एकवटते. खो मिळताच खो-खोची खेळाडू बसल्या जागेवरून उसळते. उंच उडी मारून खाली येताना जमिनीकडून शरीरावर येणारा भार वजनाच्या कित्येक पट असतो. अशा प्रत्येक वेळी पोटातील दाब एकदम वाढतो आणि तो खाली झोळीवर येतो. झोळीचे स्नायू पुरेसे बळकट नसतील, थकले असतील किंवा योग्य क्षणी आवळले गेले नाहीत, तर थोडी लघवी निसटते. वैद्यकीय परिभाषेत याला ताणामुळे होणारी मूत्रगळती म्हणतात. येथे ताण म्हणजे मनावरचा ताण नव्हे. पोटातून खाली येणारा दाब, असा त्याचा अर्थ आहे.

हा त्रास बाळंतपणानंतर किंवा उतारवयात होतो, तरुण आणि काटक मुलींना तो कसा होईल, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. या शंकेचे उत्तर अभ्यासकांनी फार पूर्वी दिले आहे. डॉ. इंग्रिड नायगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतील १४४ विद्यापीठीय महिला खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी एकीचेही बाळंतपण झालेले नव्हते आणि सरासरी वय विशीच्या आतच होते. तरीही २८ टक्के मुलींनी खेळताना लघवी निसटत असल्याचे सांगितले. जिम्नॅस्टिक्स खेळणाऱ्या मुलींमध्ये हे प्रमाण ६७ टक्के, बास्केटबॉलमध्ये ६६ टक्के होते. गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये एकीलाही हा त्रास नव्हता. उड्या आणि आदळआपट जेथे अधिक, तेथे त्रास अधिक, हे यावरून दिसते. २००२ मध्ये स्वीडनमधील ३५ अव्वल ट्रॅम्पोलिनपटू मुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय १२ ते २२ वर्षे. त्यांतील ८० टक्के मुलींना सरावात गळतीचा अनुभव होता.

हे आकडे परदेशातील आणि लहान गटांचे आहेत. ते जसेच्या तसे आपल्या जिल्ह्यातील मुलींना लावणे योग्य होणार नाही, हे आकड्यांशी आयुष्यभर संबंध आलेला माणूस म्हणून मी आवर्जून सांगतो. परंतु त्यांतून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. हा त्रास केवळ प्रसूतीचा किंवा वयाचा परिणाम नाही आणि हातापायांनी बळकट असलेल्या मुलीचा श्रोणितल बळकट असेलच असे नाही. दंड, मांड्या, पोटऱ्या यांच्यासाठी आपण वेगळे व्यायाम देतो. या तळाच्या स्नायूंची ओळखदेखील करून देत नाही.

आता आपल्याच रुग्णालयातील एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि संबंधित मुलीच्या व तिच्या आईच्या संमतीनेच तो येथे मांडत आहे. कबड्डी खेळणारी एक महाविद्यालयीन मुलगी गुडघेदुखीची तक्रार घेऊन भौतिकोपचार विभागात आली. चार-पाच वेळा येऊनही दुखणे नेमके कुठे आहे ते सापडेना. गुडघा तपासावा तर निर्दोष. सराव मात्र तिने थांबवलेला. एके दिवशी आई बाहेर औषधे घेण्यासाठी गेली असताना आमच्या भौतिकोपचारतज्ज्ञ भगिनींनी तिला सहज विचारले, की सरावाच्या दिवशी तू पाणी किती पितेस? मुलगी गप्प झाली आणि मग रडू लागली. सायंकाळी सराव असेल तर दुपारी दोननंतर ती पाण्याचा घोटही घेत नसे. मैदानावर जाण्यापूर्वी दोन-तीनदा लघवीला जाऊन येई, काळ्या रंगाचीच पँट वापरी आणि आत पॅड ठेवी. एका सामन्यात कपडे ओले झाले तेव्हा तिने घाम म्हणून वेळ मारून नेली. त्यानंतर तिने गुडघा दुखतो असे सांगण्यास सुरुवात केली. गुडघ्याचे दुखणे चारचौघांत सांगता येते. आईला तिने एकदा सांगून पाहिले होते. आई म्हणाली होती, "अगं, बायकांच्या जातीला हे असतंच. मलाही आहे." त्या माउलीने हे मायेनेच सांगितले. तिलाही तिच्या आईने याहून वेगळे काही सांगितले नव्हते.

त्या मुलीवर झालेल्या उपचारांविषयी पुढे बोलेन. येथे माझ्या कामाशी निगडित एक गोष्ट नमूद करतो. आमच्या नोंदवहीत त्या मुलीच्या नावापुढे 'गुडघेदुखी' असेच लिहिलेले आहे. नोंदणी खिडकीवर रुग्ण जे सांगतो ते लिहिले जाते आणि त्यात कोणाचीही चूक नाही. पण याचा परिणाम असा होतो, की वर्षअखेरीस विभागवार तक्ते तयार करताना मूत्रगळतीच्या रकान्यात तरुण मुली जवळजवळ दिसतच नाहीत. जे सांगितले जात नाही ते नोंदवले जात नाही, आणि जे नोंदवले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही. मौनाची किंमत अशी थेट हिशेबाच्या वहीपर्यंत येऊन पोहोचते.

ही किंमत प्रथम ती मुलगी मोजते. पाणी कमी प्याल्याने उन्हाळ्यात सराव करताना ग्लानी येते आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यता वाढते. घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला टोचते आणि घाईची भावना उलट वाढते. 'असू द्यावे' म्हणून वारंवार लघवीला जाण्याच्या सवयीने मूत्राशयाला थोड्याशा भरण्यानेही उबळ येऊ लागते. उडी घेताना मुलगी बिचकते, खेळ मंदावतो, शिक्षकांना वाटते तिचे लक्ष नाही. शेवटी एक दिवस ती मैदान सोडते आणि कारण म्हणून अभ्यास किंवा घरकाम पुढे केले जाते. आपण तिला मैदानावर आणण्यासाठी जे सर्व केले, त्यावर अशा रीतीने पाणी पडते.

यावर उपाय आहे, तो साधा आहे आणि बहुतांशी शस्त्रक्रियेविना होणारा आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या क्रमवार व्यायामाविषयी आपला निबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून या उपचाराची अनेकवार कसून परीक्षा झाली आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. ताणामुळे मूत्रगळती होणाऱ्या स्त्रियांपैकी हे व्यायाम करणाऱ्या गटात ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. व्यायाम न करणाऱ्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. या स्त्रिया बहुतांशी खेळाडू नव्हत्या. खेळाडूंवरील चाचण्या संख्येने कमी आणि आकाराने लहान आहेत, परंतु त्यांचा कलही याच बाजूला आहे. ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली किमान तीन महिने, दिवसातून तीन वेळा आणि प्रत्येक वेळी किमान आठदा हे स्नायू आवळावेत. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. चटई आणि जाणकार शिक्षिका एवढी साधने पुरतात.

मग एक पत्रक छापून सर्व शाळांना वाटले तर काम भागणार नाही का, असा प्रश्न एका सन्माननीय विश्वस्तांनी मला विचारला. प्रश्न रास्त आहे. छपाईचा खर्चही फार नाही. पण येथेच खरी अडचण आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना हा व्यायाम कसा करावा ते थोडक्यात तोंडी सांगितले आणि नंतर तपासणी केली. निम्म्याहून थोड्या कमी, म्हणजे ४९ टक्के स्त्रियांना तो नीट जमला. २५ टक्के स्त्रिया मात्र असे काही करीत होत्या, की त्यामुळे गळती वाढण्याचीच शक्यता होती. आत खेचण्याऐवजी त्या खाली जोर लावत होत्या. डोळ्यांना न दिसणारा स्नायू वाचून शिकता येत नाही. तो कोणीतरी समोर बसून, धीराने, पुनःपुन्हा शिकवावा लागतो.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. काही खेळाडूंचा श्रोणितल सैल नसून सतत आवळलेला असतो. पोट कायम आत ओढून धरण्याची सवय, स्पर्धेची धास्ती, जुनी बद्धकोष्ठता अशी कारणे त्यामागे असू शकतात. अशा मुलीला लघवी सुटायला वेळ लागतो, ओटीपोटात किंवा माकडहाडापाशी दुखते आणि तरीही गळती होऊ शकते. तिला आवळण्याचा व्यायाम दिला तर त्रास वाढतो. तिला आधी स्नायू सैल सोडायला शिकवावे लागते. आपल्याकडे मूलबंधाची परंपरा आहे. हठयोगप्रदीपिकेत त्याचे वर्णन येते आणि अनेक घरांतील वडीलधाऱ्यांना तो ठाऊक असतो. त्या ओळखीचा शिकवताना उपयोग होतो, कारण शब्द परिचयाचा असला की संकोच कमी होतो. तथापि मूलबंध ही योगसाधनेतील क्रिया आहे आणि तिचा हेतू निराळा आहे. आजाराचे निदान न करता सर्वांना एकच क्रिया सांगणे योग्य नाही, असे आपल्या तज्ज्ञांचे मत आहे.

आपल्या विभागाने या शिक्षणाची जी रूपरेषा आखली आहे ती आता सांगतो. ती मुली, माता आणि क्रीडाशिक्षक या तिघांसाठी आहे. मुलींच्या सत्रात ओटीपोटाच्या हाडांची प्रतिकृती दाखवून श्रोणितलाची ओळख करून दिली जाते. मग झोपून, बसून, उभे राहून आणि शेवटी उडी मारताना तो योग्य क्षणी कसा आवळावा व नंतर पूर्ण सैल कसा सोडावा, हे टप्प्याटप्प्याने शिकवले जाते. खोकण्याच्या किंवा भार उचलण्याच्या क्षणभर आधी स्नायू आवळण्याची युक्ती त्यातच येते. श्वास कोंडून जोर लावण्याऐवजी श्वास सोडत जोर लावावा, पाणी तोडू नये, शौचाला कुंथू नये, हेही सांगितले जाते. जेवणाचा विषयही येथेच येतो. श्रमाच्या मानाने पोटात अन्न कमी पडले की मासिक पाळी बिघडते, हाडे कमजोर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या अवस्थेकडे २०१४ मध्ये लक्ष वेधले आणि २०२३ च्या सुधारित निवेदनात मूत्रगळतीचाही तिच्या संभाव्य परिणामांत समावेश केला. ज्या मुलीची पाळी तीन महिने आलेली नाही तिला केवळ व्यायाम सांगून परत पाठवू नये, डॉक्टरांकडे पाठवावे. लघवीला आग, लघवीतून रक्त, ताप, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरता किंवा खाली काही उतरल्यासारखे वाटणे, या लक्षणांतही तपासणी लांबवू नये.

मातांच्या सत्राचा हेतू दुहेरी आहे. मुलीने सांगितलेले ऐकून घ्यावे हा एक. दुसरा असा, की ज्या मातेला स्वतःला वर्षानुवर्षे हा त्रास आहे, अंग बाहेर येत असल्याची जाणीव आहे, तिने या निमित्ताने स्वतःसाठीही रुग्णालयाची पायरी चढावी. प्रसूतीनंतर पुन्हा मैदानावर उतरू इच्छिणाऱ्या खेळाडूही याच सत्रात येतात. ब्रिटनमधील तीन भौतिकोपचारतज्ज्ञांनी २०१९ मध्ये तयार केलेल्या मार्गदर्शिकेत प्रसूतीनंतर किमान तीन महिने धावणे टाळावे आणि त्याआधी श्रोणितलाची तपासणी करून घ्यावी, असे सुचवले आहे. आपल्याकडे सव्वा महिन्याचे बाळंतपण संपले की सर्व काही पूर्ववत झाले असे मानण्याची रीत आहे. स्नायूंचे बाळंतपण त्याहून अधिक काळ चालते, हे कुटुंबाने समजून घ्यावे.

क्रीडाशिक्षकांकडून आपली अपेक्षा मोजकी आहे. मैदानाजवळ मुलींसाठी स्वच्छ, कडी लागणारे स्वच्छतागृह असावे. सरावात पाण्याची आणि लघवीची सुटी कोणाला न विचारता घेता यावी. गणवेश निवडताना मुलींचे मत घ्यावे. एखादी मुलगी अचानक उड्या टाळू लागली तर तिला आळशी ठरवू नये. शिक्षकांनी मुलींना या विषयी खासगी प्रश्न विचारावेत अशी आपली मुळीच इच्छा नाही. कोणाकडे जायचे एवढे मुलींना सांगितले म्हणजे पुरे.

येथे पालकांच्या मनातील काळजीचे निरसन करणे माझे कर्तव्य आहे. या सत्रांत कोणाचीही शारीरिक तपासणी होत नाही. पुरुष कर्मचारी उपस्थित नसतात. अल्पवयीन मुलीसाठी पालकांची लेखी संमती आणि तिची स्वतःची इच्छा, दोन्ही आवश्यक आहेत. पुढील तपासणी लागली तर तीही आधी प्रश्नोत्तरांनी आणि बाहेरूनच सुरू होते. स्नायू वर उचलला जातो की नाही हे पोटावरून केलेल्या सोनोग्राफीतही दिसू शकते. त्यासाठी अंतर्गत तपासणीची गरज नसते. सोनोग्राफी म्हटली की १९९४ चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा आला. म्हणून ती आपल्या नोंदणीकृत विभागात, पात्र डॉक्टरांकडून आणि विहित नोंदी ठेवूनच केली जाईल. शाळेत यंत्र नेले जाणार नाही. सत्राच्या हजेरीपत्रकावर कोणाच्याही तक्रारीची नोंद नसते. मैदानावर मुलीची कुजबुज झाली तर आपण केलेल्या उपकाराचा अपकार होईल, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे.

त्या कबड्डीपटू मुलीने तीन महिने नेमाने व्यायाम केला. आठवड्यातून एकदा ती विभागात येई. पहिले दोन आठवडे फरक पडेना तेव्हा तिने सोडून देण्याचा विचारही केला होता. तिसऱ्या महिन्यात ती सरावाला परतली, आता पाणी पिऊन जाते. अटीतटीच्या सामन्यात क्वचित थोडा त्रास होतो, असे ती स्वतः सांगते. पूर्ण बरी झाली असा दावा आम्ही करीत नाही. पण ती खेळते आहे. आणि तिची आई आता स्त्रीरोग विभागात उपचार घेते आहे.

आता हिशेबाकडे येतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या, २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार आपले रुग्णालय १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवते. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. हा निधी रुग्णालयात आलेल्या रुग्णाच्या उपचारासाठी आहे. जी मुलगी अजून रुग्ण म्हणून नोंदलीच गेलेली नाही, तिच्या शाळेच्या पटांगणावर जाऊन दिलेले शिक्षण त्यात बसवणे उचित होणार नाही. त्यासाठी वेगळी तरतूद हवी.

या कामाचा खर्च जवळजवळ सगळा मनुष्यबळाचा आहे. एका प्रशिक्षित महिला भौतिकोपचारतज्ज्ञाचे आठवड्यातील काही दिवसांचे मानधन, तिच्या मदतनीस परिचारिकेचा प्रवासखर्च, चटया, प्रतिकृती, थोडी छपाई, आणि रुग्णालयात पडदा नव्हे तर दार असलेली एक खोली. देणगीतून यंत्र घेतले की त्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते, उद्घाटन होते, छायाचित्र अहवालात येते. ते योग्यच आहे आणि त्या यंत्रांनी असंख्य प्राण वाचवले आहेत. या कामात मात्र पाटी लावायला जागा नाही आणि लाभार्थी मुलीचे छायाचित्र आम्ही कधीही छापणार नाही. ताळेबंदात ही रक्कम मालमत्तेच्या बाजूला दिसणार नाही. वर्षअखेरीस ती खर्च झालेली असेल. असे दान मागताना मला संकोच वाटत नाही. ज्या ज्ञानाचा आधार घेऊन एखादी मुलगी दहा वर्षे अधिक खेळेल आणि पुढे आपल्या मुलीलाही सांगेल, त्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहावी हे मला ठाऊक नसले, तरी तो खर्च वाया गेला असे कोणीही लेखापरीक्षक म्हणणार नाही.

काही ज्येष्ठ हितचिंतकांनी मला सुचवले, की हा विषय व्यासपीठावर न घेता विभागात शांतपणे काम करावे. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. मर्यादा पाळावी, हे मलाही मान्य आहे. परंतु क्षयरोग, कुष्ठरोग, मासिक पाळी या प्रत्येक विषयावर कोणीतरी प्रथम चारचौघांत बोलले, तेव्हाच पुढच्यांना घरात बोलणे सोपे झाले. येथे जमलेल्या प्रत्येक कुटुंबात एखादी मुलगी, सून, भाची किंवा नात खेळत असेल. तिने कधी काही सांगितले तर 'असतंच ते' असे न म्हणता 'दाखवून येऊ' असे म्हणावे, एवढीच माझी पालकांना विनंती आहे. पाणी कमी पिण्याचा सल्ला तर कोणीही देऊ नये.

विश्वस्त मंडळापुढे येत्या बैठकीत या उपक्रमाचा प्रस्ताव येत आहे. तालुक्यातील माध्यमिक शाळा, महाविद्यालये आणि भरतीपूर्व सराव वर्ग यांपर्यंत टप्प्याटप्प्याने पोहोचावे, दर तीन महिन्यांनी कामाचा लेखी आढावा मंडळाला सादर व्हावा आणि एका वर्षानंतर उपक्रम चालू ठेवावा की नाही याचा निर्णय मंडळाने घ्यावा, असे त्यात सुचवले आहे. ज्या देणगीदारांना या कामासाठी साहाय्य करावयाचे असेल त्यांनी देणगीच्या पावतीवर तसा स्पष्ट उल्लेख करवून घ्यावा, म्हणजे ती रक्कम याच शीर्षकाखाली जमा होईल आणि तिचा हिशेब पुढील अहवालात स्वतंत्रपणे दिला जाईल.